कबरीची थकबाकी

(पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा. पण अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढी विनंती.)



गेली बावीस वर्षं या तालुक्यात बातमीदारी करतोय. ऊस, पाटपाणी, सोसायटीच्या निवडणुका, बिबट्या, रस्त्याचे खड्डे, सगळं लिहून झालं. स्वतःच्या देवळाबद्दल मात्र कधी अवाक्षर लिहिलं नाही. देऊळ म्हणजे आमचं चर्च. नगर जिल्ह्यातले जुने ख्रिस्ती लोक अजून देऊळच म्हणतात. न लिहिण्याचं कारण साधं होतं. घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला न्या? आपण आधीच मूठभर. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती किती, तर सुमारे 10 लाख 80 हजार. शंभरात एक माणूससुद्धा पूर्ण भरत नाही. त्यात बाहेरचं वातावरण हे असं. म्हणून गप्प बसायचो.

मागच्या महिन्यात जे झालं त्यानंतर गप्प बसणं म्हणजे त्यात सामील होणं. म्हणून लिहितोय.

आमच्या कंपाउंडच्या मागच्या गल्लीत एक म्हातारे काका राहायचे. नाव लिहीत नाही, त्यांच्या मुलीला त्रास नको. आयुष्यभर गवंडीकाम केलं. देवळाच्या ओट्याची फरशी त्यांनी बसवलेली, तीही मजुरी न घेता. दफनभूमीची जी दगडी भिंत आहे, ती बांधणाऱ्यांतही ते होते. नंतर गुडघे गेले, काम सुटलं, बायको वारली. मंडळीची वर्षाची वर्गणी थकत गेली. एक वर्ष, दोन वर्षं, करता करता नऊ वर्षं.

गुरुवारी रात्री काका गेले. मुलगी पहाटेच्या एसटीनं आली. सकाळी आम्ही चार-पाच जण पाळकसाहेबांकडे गेलो. माणूस भला आहे, लगेच चप्पल घालून निघाले. पण दफनभूमीच्या फाटकाची चावी पाळकांकडे नसते. ती असते कमिटीकडे. कमिटीच्या कारभाऱ्यांनी वही काढली, चष्मा लावला, पानं उलटली. नऊ वर्षांची वर्गणी, दर साल सहाशे. झाले पाच हजार चारशे. वर विलंब आकार. एकूण सात हजार.

"आधी बाकी क्लिअर करा, मग कुलूप उघडतो. माझ्या हातात काही नाही, नियम आहे."

ती मुलगी नुसती वहीकडे बघत राहिली. तिच्या हातात बापाच्या औषधांची पिशवी अजून तशीच होती.

बातमी गल्लीत पोचली. समोर एक मावशी राहते, भाजीचा धंदा करते, आठवडे बाजारात बसते. ख्रिस्ती नाही. दोन वर्षं काकांची दुपारची भाकर तिच्या घरून जायची. हे आम्हाला, म्हणजे त्यांच्या मंडळीच्या लोकांना, त्या दिवशी कळलं. ती आली, पदराची गाठ सोडली, पाचशेची नोट काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, मेलेल्या माणसाकडं कसली उधारी?"

मग रिक्षावाल्यांनी दिले. गणेश मंडळाच्या पोरांनी दिले. मशिदीसमोरच्या बेकरीवाल्यानं दिले. मी दिले. साडेबारा वाजता सात हजार भरले. पावती मिळाली, तिच्यावर लिहिलंय 'मागील बाकी जमा'. फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. तीन वाजता माती झाली. कबरीवर गीत कोणतं गायलं, तर प्रीतीचं. आणि सगळ्यात मोठा आवाज होता ज्याच्या खिशात चावी होती त्याचा.

आता थांबा. त्या माणसाला शिव्या द्यायच्या आधी पुढचं वाचा.

हा नियम त्यानं बनवलेला नाही. चार वर्षांपूर्वी वार्षिक सभेत ठराव आला होता. 'ज्या सभासदांची वर्गणी थकीत आहे त्यांना मंडळीच्या कोणत्याही सेवेचा लाभ मिळणार नाही.' अनुकूल असतील त्यांनी हात वर करा, म्हणाले. बाहेर जेवणाची पंगत तयार होती, भूक लागली होती, सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. 'कोणत्याही सेवेत' मेलेल्या माणसाला पुरणंसुद्धा येतं, हा विचार डोक्याला शिवला नाही. दुसऱ्याच्या ग्रामसभेतले ठराव वाचून चुका काढणारा मी पत्रकार, स्वतःच्या सभेत न वाचता हात वर करून मोकळा झालो. त्यामुळे त्या दिवशी फाटकाला जे कुलूप होतं, त्याची एक चावी माझ्याही खिशात होती असं धरा. ही पोस्ट दुसऱ्यावर दगड मारायला लिहिलेली नाही. पहिला दगड माझ्याच अंगणात पडलाय.

कमिटीची बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी बातमी होईल. ते म्हणतात, राखणदाराला पगार द्यावा लागतो, भिंत पडली की बांधावी लागते, वीजबिल येतं, चॅरिटी कमिशनरकडे हिशेब द्यावा लागतो. वर्गणी सगळ्यांनी बुडवली तर हे कोण करणार? एकाला सोडलं की दुसरा म्हणतो मलाही सोडा.

प्रश्न खोटा नाही. पण उत्तर खोटं आहे. वर्गणी जिवंत माणसाकडून मागा, दहा वेळा मागा, घरी जाऊन मागा. घरी गेला असता तर कळलं असतं की तिथं चूल दुसऱ्याच्या भाकरीवर चालली आहे. नऊ वर्षं वहीत बाकी चढवली, पण नऊ वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही की हा माणूस का भरत नाही. वसुली करायची ती प्रेत अडवून, ही कुठली पद्धत? सावकारसुद्धा तेराव्यापर्यंत थांबतो.

आणि पैशाचंच म्हणाल तर मागच्या नाताळात देवळाची रोषणाई, चांदणी, गव्हाणीचा देखावा आणि साउंड मिळून किती खर्च झाला, ते फलकावर लावलेलं सगळ्यांनी वाचलंय. त्या रकमेत अशा वीस काकांची बाकी फिटली असती. प्लास्टरच्या गव्हाणीला आम्ही हॅलोजन लावतो. ज्याला जागा मिळाली नाही म्हणून गव्हाणीत जन्मावं लागलं, त्याच्या नावानं माणसाला जागा नाकारतो. याच्यापुढं काय बोलणार?

आता जरा शास्त्राकडे येऊ, कारण आमच्यात प्रत्येक भांडणात शास्त्र निघतं.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला रविवारच्या शाळेतल्या पोरालाही पाठ असतो. वाटेत लुटारूंनी माणसाला मारून टाकलंय. याजक बघतो, पलीकडून निघून जातो. लेवी बघतो, तोही जातो. थांबतो कोण? शोमरोनी, म्हणजे ज्याच्या हातचं यहुदी लोक पाणी घेत नव्हते तो. तो जखमा बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवतो, उताराशाळेत नेतो, पदरचे पैसे भरतो, आणि वर सांगतो की जास्त लागले तर परत येताना देईन. बरा झाल्यावर आमच्या डोंगरावर उपासनेला ये, असं म्हणत नाही. तुझी वर्गणी चालू आहे का, असं विचारत नाही.

प्रश्न विचारला होता शास्त्र्यानं: माझा शेजारी कोण? येशूनं प्रश्नच फिरवला: त्याचा शेजारी कोण झाला ते तू सांग. हा फरक आम्ही कधी नीट घेतलाच नाही. 'माझा कोण' हे विचारलं की यादी करावी लागते. कोण आपल्या मिशनचा, कोण दुसऱ्या, कोण सभासद, कोण थकबाकीदार. 'मी कोणाचा झालो' हे विचारलं की यादी जळून जाते. आमच्या गल्लीत त्या दोन वर्षांत शेजारी कोण झालं, ते तुम्ही वर वाचलंच आहे. आम्ही याजक झालो, आम्ही लेवी झालो. आणि भाकर पोचवणारी शोमरोनी निघाली ती भाजीवाली मावशी.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आठवा. दहाही बरे झाले. आभार मानायला आला एकच, तोही शोमरोनी. नऊ जण कुठे गेले, असं येशूनं विचारलं जरूर. पण त्या नऊ जणांचा रोग परत आणला नाही! दया केली ती केली. आभार माना न माना, मागे या न या. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट घ्या. भांडारात श्रीमंतांनी भरपूर टाकलं, तिनं दोन टोल्या टाकल्या, आणि येशू म्हणाला की सगळ्यांत जास्त हिनं टाकलं. आमच्याकडे ती बाई आली असती तर वही उघडून विचारलं असतं, "बाई, उरलेले कधी देता?"

आणि कबरीचंच काढायचं तर दोन गोष्टी ऐका. पहिली, खुद्द प्रभूला स्वतःची कबर नव्हती. अरिमथाईकर योसेफानं आपली दिली. उसन्या कबरीतल्या माणसाचे आपण अनुयायी. दुसरी त्याहून झोंबणारी. यहूदानं परत फेकलेली तीस रुपयांची नाणी त्या मुख्य याजकांनी कशाला वापरली? कुंभाराचं शेत विकत घेतलं, परक्यांना पुरण्यासाठी. म्हणजे ज्यांनी येशूला मरणाला दिलं, त्यांनीसुद्धा परमुलखातल्या बेवारस माणसासाठी जमीन काढून ठेवली. आणि आम्ही स्वतःच्या गवंड्याला, त्यानंच बांधलेल्या भिंतीच्या आत, जागा देताना पावती मागितली.

हा झाला घरचा अहेर. आता बाहेरच्यांकडे वळतो, कारण मला माहीत आहे, ही पोस्ट उद्या कुठल्या ग्रुपवर जाणार आणि तिच्यावर काय मथळा लागणार.

'बघा, यांचं सेवाकार्य असंच असतं. गोड बोलून, तांदळाची पोती देऊन बाटवतात, आणि मेल्यावर पैसे मागतात.'

दादांनो, भांडण माझं आहे, तुम्ही त्यात तुमची पोळी भाजू नका.

माझे पणजोबा 1899-1900 च्या दुष्काळात मिशनच्या दारात आले, असं घरात सांगतात. पोटासाठी आले की विश्वासानं आले, मला माहीत नाही आणि विचारायला ते नाहीत. समजा, पोटासाठीच आले. भुकेला माणूस जिथं भाकर मिळते त्या दारात जातो. त्यात लाज त्याची नाही. ज्या दारांत धान्य असूनही त्याला सावली पडू दिली नाही, ती दारं कुणाची होती ते आधी बघा. 'तांदळाचे ख्रिस्ती' ही शिवी आम्ही चार पिढ्या ऐकतोय. तांदूळ देणाऱ्याला प्रश्न विचारा, जरूर विचारा. पण तांदूळ न देणाऱ्याला कधी विचारणार?

मी ढोंग करणार नाही. मिशनच्या इतिहासात डोकी मोजणारेही होते. आजही काही लोक तंबू टाकून 'रोग बरे करतो' म्हणतात आणि गरीब बाईला गोळ्या बंद करायला लावतात. असलं कुणी या तालुक्यात केलं तर पहिली बातमी माझी असेल, मग तो स्वतःला कितीही मोठा प्रेषित म्हणवो. आमिष दाखवून केलेली दया ही दया नाहीच, तो धंदा आहे. हे मी कुठल्या कायद्याच्या भीतीनं म्हणत नाही, शुभवर्तमान वाचून म्हणतोय.

पण म्हणून प्रत्येक मदतीचा हात संशयानं बघायचा का? जरा आठवा. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई 1827 मध्ये मुंबईत आली, 1839 मध्ये नगरला आली आणि मुलींना शिकवत शिकवत 1862 मध्ये नगरलाच वारली. तिची शाळा बघून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार पक्का झाला, आणि सावित्रीबाई शिक्षिकेचं प्रशिक्षण घेण्यासाठी नगरला तिच्याकडे आल्या. जोतीराव स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. दोघांपैकी कुणी ख्रिस्ती झालं का? नाही. मग फरारबाईंचं काम फुकट गेलं का? आज ज्या घरात मुलगी शाळेत जाते त्या घरानं याचं उत्तर द्यावं.

मिरजेला विल्यम वॉनलेस या डॉक्टरनं 1894 मध्ये इस्पितळ सुरू केलं. पश्चिम महाराष्ट्रातली आणि कर्नाटकातली किती घरं तिथं ऑपरेशन करून आली, आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. सांगलीत वानलेसवाडी अजून त्याच्या नावानं आहे. वाडीतले सगळे ख्रिस्ती झाले का? रामनवमीही होते तिथं आणि नाताळही.

पंडिता रमाबाईंवरून आजही वाद होतो. 1893 मध्ये शारदासदनावर वादळ उठलं, मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो वाद घाला, पुस्तकं वाचून घाला. पण 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन, उपाशी मुली आणि विधवा गोळा करून केडगावला आणणारी बाई तीच होती, हेही त्याच श्वासात सांगा. त्या मुलींना परत घरी न्यायला किती जण आले होते, याचा विचार वाद घालणाऱ्यानं एकदा करावा.

आणि आमचे टिळक. नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई पुढची पाच वर्षं आपल्या धर्मातच राहिल्या. दोघांचं फाटलं, जुळलं, पण टिळकांनी त्यांच्यावर बाप्तिस्मा लादला नाही. लक्ष्मीबाईंच्या मनातून जात आधी गेली, कुणाच्याही हातचं पाणी आधी आलं, आणि बाप्तिस्मा 1900 मध्ये, नंतर आला. 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर काढून वाचा. शेवटी 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही. येशूवर प्रेम असलं म्हणजे झालं. शंभर वर्षांपूर्वी नगरच्या मातीतला एक कवी एवढं मोठं दार उघडून गेला, आणि आम्ही लोखंडी फाटकाची चावी सांभाळत बसलोय.

जवळच्या काळातलं सांगू? फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 2020 मध्ये धाराशिवच्या (तेव्हाचं उस्मानाबाद) साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा किती आरडाओरडा झाला, की धर्मगुरू कसा काय? हा धर्मगुरू वसईत हिरवळ, विहिरी आणि शेतं वाचवायला रस्त्यावर उतरला होता. विहिरीला धर्म असतो का हो? वसईचं पाणी वाचलं तर ते वाडवळाच्या, आगऱ्याच्या, मुसलमानाच्या आणि ख्रिस्ताच्या माणसाच्या, सगळ्यांच्याच माठात जाणार होतं.

आणि सगळ्यात अवघड उदाहरण, जे मला स्वतःला झेपत नाही. 1999 चा जानेवारी. ओडिशात मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमोथी, गाडीत झोपलेली असताना जाळली गेली. ग्लॅडिस स्टेन्स म्हणाल्या, मी मारणाऱ्यांना क्षमा केली. नुसतं म्हणाल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षं बारीपद्यात राहून कुष्ठरोग्यांचं काम चालू ठेवलं. कायद्यानं आपलं काम केलं, शिक्षा झाली, त्याला त्यांनी अडवलं नाही. पण मनात विष ठेवलं नाही. सरकारनं 2005 मध्ये पद्मश्री दिली. मला दोन पोरं आहेत. मी हे करू शकलो असतो का? नाही. पण ख्रिस्ती असणं म्हणजे काय, याचं माप तिथं आहे. रोषणाईत नाही, वहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका कबरीवरून एवढं रामायण? एका कबरीपुरतं असतं तर बरं होतं. आमच्यात ही वही सगळीकडे आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीत धरत नाहीत, त्यासाठी आम्ही मोर्चे काढतो, निवेदनं देतो. रास्त मागणी आहे, त्या मोर्चात मीही चाललोय. पण मोर्चाहून घरी आल्यावर मुलीचं स्थळ बघताना हळूच विचारतो, "मूळचे कोणाचे हो ते?" बाप्तिस्म्यात जात बुडाली म्हणतात. मग लग्नाच्या वेळी ती वर कशी येते? सरकारला आमची जात दिसत नाही म्हणून रडायचं, आणि स्वतःला मात्र बरोबर दिसते!

दोन मिशनची माणसं एकमेकांच्या मयतीला फाटकाबाहेर उभी राहतात. ट्रस्टच्या जमिनीवरून दोन गट कोर्टात. ज्यांनी एकमेकांचे पाय धुवायचे, ते एकमेकांना नोटिसा धाडतात. येशूनं त्या रात्री बाराही जणांचे पाय धुतले, त्यात यहूदाही होता. काही तासांत हा आपल्याला विकणार हे माहीत असून धुतले. आम्हाला विरोधी पॅनेलच्या माणसाला सलाम करायला जड जातं.

मग बाहेरचा माणूस 'यांच्या प्रेमामागं काहीतरी हेतू असणार' म्हणतो, तेव्हा आम्ही रागावतो. रागावण्याचा हक्क कमवावा लागतो, भाऊ. प्रेमाला अटी नसतात हे आम्ही घरात दाखवलं तर बाहेर सांगावं लागणार नाही. दया आणि प्रीती हे आमच्या धर्माचं दिवाणखान्यातलं शोभेचं भांडं नाही, ते रोजच्या वापरातलं पातेलं आहे. त्यात आधी दुसऱ्याला वाढायचं असतं. त्या पातेल्यातून कुणाला वाढलं हे विचारलं जाईल, किती चकचकीत होतं हे नाही. शेवटच्या दिवशी राजा काय विचारणार, ते मत्तयानं स्पष्ट लिहून ठेवलंय: भुकेल्याला दिलं का, तहानेल्याला पाजलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला पांघरलं का, आजाऱ्याला, कैद्याला भेटलास का. सहा प्रश्न. एकातही 'सभासद क्रमांक' नाही.

नुसतं बोलून भागणार नाही, म्हणून काय करायचं ते लिहितो. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आमची वार्षिक सभा आहे. तिथं मी लेखी ठराव मांडणार आहे. चार मुद्दे आहेत.

एक. चार वर्षांपूर्वीचा तो ठराव रद्द. माती देण्यासाठी कुणाकडूनही, कसलीही बाकी मागायची नाही. फाटकाची एक चावी पाळकांकडे राहील, रात्री-अपरात्रीसुद्धा.

दोन. दफनभूमीचा एक कोपरा बेवारस माणसासाठी. एसटी स्टँडवर, रेल्वेच्या कडेला मेलेल्या, ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी. जात, धर्म, मिशन विचारायचं नाही. पोलिसांचा कागद पूर्ण झाला की झालं. तीस नाण्यांतून ते झालं, आमच्या वर्गणीतून होईल.

तीन. ज्याची वर्गणी दोन वर्षं थकली, त्याच्या घरी कमिटीच्या दोघांनी जायचं. मागायला नाही, विचारायला. घरात चूल पेटते का बघायला.

चार. यंदाच्या रोषणाईचा अर्धा खर्च बाजूला काढायचा आणि सरकारी दवाखान्यात पेशंटबरोबर येणाऱ्या माणसांना महिनाभर संध्याकाळचं जेवण द्यायचं. ताटाबरोबर पत्रक नाही, बॅनर नाही, प्रार्थनेला बसा म्हणून आग्रह नाही. कुणी विचारलं का देता, तर सांगायचं. नाही विचारलं तर भाजी अजून वाढायची.

सभेत काय होईल मला माहीत आहे. काही जण म्हणतील, पत्रकार आहे, प्रसिद्धी पाहिजे. काही म्हणतील, विरोधी गटानं फूस लावली. कदाचित ठराव पडेल. पडला तर पुढच्या वर्षी पुन्हा मांडीन. एकदा न वाचता हात वर केलाय, आता वाचून, समजून कितीही वेळा करायला तयार आहे.

ज्या कारभाऱ्यांनी वही काढली, त्यांनाही हे वाचायला मिळेल. काका, तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही नियम पाळला, नियम आम्ही दिला. या ठरावावर पहिली सही तुमची असावी, असं मनापासून वाटतं. नाताळला करंज्या घेऊन घरी येतोय, दार उघडा म्हणजे झालं.

आणि माझ्या हिंदू, मुसलमान, बौद्ध मित्रांनो, तुम्हाला एकच सांगणं. दवाखान्यात जेवण सुरू झालं तर येऊन बघा. संशय असेल तर रोज येऊन बघा. पंगतीत वाढायला हात कमी पडतील, तेव्हा वाढायलाही लागा. आमच्या मनात काळंबेरं असेल तर तुम्हालाच आधी कळेल.

काल संध्याकाळी त्या मावशीला बाजारात भेटलो. मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. म्हटलं, मावशी, तुमच्यावर लिहितोय. तर म्हणाली, "माझ्यावर काय लिहायचंय? भाकर तर रोजच करते मी. दोन जास्त थापल्या, त्यात काय मोठं."

आमच्या दोनशे लोकांच्या मंडळीला दोन भाकरी जास्त थापता आल्या नाहीत. खरी थकबाकी ही आहे. आणि ती काकांच्या नव्हे, आमच्या नावावर आहे.

पटलं तर शेअर करा, नावासकट करा, माझी हरकत नाही. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण त्या मुलीचं किंवा कमिटीतल्या कुणाचं नाव तिथं टाकू नका. टाकलं तर डिलीट करीन.

सगळ्यांना नाताळचा सलाम.